दादासाहेबांची शिस्त

शिस्त हा शब्द चळवळीत आपण फार स्वस्त करून टाकला आहे. मोर्चात रांग मोडू नका, नेता बोलत असताना उठू नका, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे आयुष्य पाहिले की हा अर्थ किती तोकडा आहे ते कळते.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व बाबासाहेबांचे होते. पण नाशिकात राहून तो लढा रोजच्या रोज चालविण्याचा भार भाऊरावांनी उचलला. पहिल्या दिवशी हजारोंची मिरवणूक मंदिराशी आली तेव्हा दरवाजे बंद होते. एवढ्या जमावाने ठरविले असते तर दरवाजा टिकला नसता. पण लोक शांतपणे गोदावरीच्या घाटावर गेले, तेथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष व २५ महिलांची पहिली तुकडी चारही दरवाजांवर जाऊन बसली. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली. तरीही सत्याग्रह थांबला नाही, पुढे काही वर्षे चालला. अंगात बळ असताना ते आवरणे, ही शिस्तीची पहिली कसोटी.

दुसरी कसोटी त्याहून कठीण. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून समाजाची शक्ती मंदिरप्रवेशाऐवजी राजकारण आणि शिक्षणाकडे वळविण्याचा सल्ला दिला. ज्या लढ्यासाठी लोकांनी मार खाल्ला तो सोडायला सांगणे सोपे नसते. भाऊरावांनी हट्ट धरला नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हाही ते बाबासाहेबांसोबतच होते.

याला कोणी आंधळे आज्ञापालन म्हणेल. पण बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर आज्ञा देणारे कोणी उरले नव्हते. तेव्हा दादासाहेबांनी भूमिहीनांच्या पोटाचा प्रश्न हाती घेतला. १९५९ साली महाराष्ट्रात आणि १९६४-६५ साली देशभर पडीक जमिनींसाठी सत्याग्रह झाले. लाखो भूमिहीन स्वतःहून तुरुंगात गेले. ही शिस्त बाहेरून लादता येत नाही. मागणी पटलेली असेल तरच माणूस असा चालत तुरुंगात जातो.

दादासाहेब लोकसभेत गेले, राज्यसभेत गेले. रिपब्लिकन पक्षातील फूट त्यांच्या हयातीतच सुरू झाली आणि काँग्रेसशी केलेल्या युतीबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. ती टीका लपविण्याचे कारण नाही. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज उमेदवारी नाकारली की दुसऱ्या दिवशी नवा गट उभा राहतो. मग कार्यकर्त्याला शिस्त शिकविण्याचा अधिकार नेत्यांना कोणी दिला? जो स्वतःचा राग, स्वतःचा हट्ट आणि स्वतःची खुर्ची आवरू शकतो, त्यानेच इतरांना रांगेत उभे राहायला सांगावे.