शिकलगाराच्या हातून घडलेला तंबोरा

मिरजेत सतारमेकर गल्ली नावाची एक गल्ली आहे. वाळलेले भोपळे, लाकडाचा भुसा आणि चपड्याच्या पॉलिशचा वास यांनी भरलेल्या या गल्लीतील कारागिरांची मूळ ओळख मात्र शिकलगार अशी. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारा, शस्त्रांना झिलई देणारा कारागीर. या घराण्याला शस्त्राकडून स्वराकडे नेणारा पुरुष म्हणजे फरीदसाहेब सतारमेकर. गोव्याच्या वाचकाला मिरज परकी नाही. चोर्ला घाट चढून जांबोटी, किणये, पिरनवाडीवरून बेळगावात शिरले की पुढे निपाणीकडून मिरजेला जाणारा रस्ता ओळखीचा आहे. लोंढ्याहून बेळगावमार्गे येणारी रेल्वेही मिरजेलाच जाते.

पटवर्धन सरदारांना मिरज पेशव्यांकडून मिळाली ती अठराव्या शतकात. फौजफाटा असलेल्या ठाण्यात शस्त्रे घडवणारे व ती राखणारे हात लागतच. शिकलगारांचे पोट त्यावर चालत असे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, लढायांचा काळ सरला आणि तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली हातोटी शाबूत होती, पण ती वापरायची कुठे, हा प्रश्न या घरांपुढे उभा राहिला. अशा वेळी अनेक कारागीर जातींनी शेतमजुरी किंवा मिळेल ते काम पत्करले. फरीदसाहेबांना वेगळी वाट सापडली.

मिरजेचे पटवर्धन संगीताचे चाहते होते. उत्तरेकडील गवई-वादक त्यांच्या आश्रयाला येत आणि आपली वाद्ये बरोबर आणत. लांबच्या प्रवासात आणि बदलत्या हवेत भोपळा तडकणे, दांडी वाकणे, घोडी झिजणे हे ठरलेलेच. दुरुस्ती करणारा मात्र मिरजेत कोणी नव्हता. परंपरेने सांगितले जाते ते असे, की हाताचा बारीकपणा ठाऊक असल्यामुळे हे काम फरीदसाहेब व त्यांचे बंधू यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांनी वाद्य उघडून पाहिले, त्याची रचना समजून घेतली आणि ते बरे केले. दुरुस्तीतून विद्या आली आणि विद्येतून निर्मिती. सुमारे १८५० च्या आसपास या घराण्यातून तंबोरा व सतार घडू लागली, असे मानले जाते.

शस्त्रकाम सोडून वाद्यकाम धरणे वरवर पाहता विचित्र वाटते. प्रत्यक्षात तंबोऱ्याचा प्राण असलेली जवारी हे कानसकामच आहे. भोपळ्यावर बसवलेल्या तबलीवर एक रुंद घोडी असते. तिचा पृष्ठभाग सपाट नसून किंचित उतरता घासलेला असतो. कंप पावणारी तार या उताराला हलकेच स्पर्श करत राहते आणि त्यातून सुरांचे वलय उठते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेल्या दोऱ्याने ते वलय नेमके जमवले जाते. उतार केसाएवढा जरी चुकला, तरी तार मुकी होते किंवा किरकिरते. तलवारीच्या पात्यावर प्रकाश कसा सरकतो हे पाहून धार ओळखणाऱ्या हाताला हा उतार जमला, यात आश्चर्य नाही. फरक एवढाच, की आता डोळ्याबरोबर कानालाही परीक्षक व्हावे लागले. फरीदसाहेबांना गवयांच्या सहवासात हा कान मिळाला.

वाद्यासाठी लागणारा माल एका गावात मिळणारा नव्हता. मोठे, जाड सालीचे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येत. ते महिनोन्‌महिने वाळवावे लागत. दांडी, गळा आणि तबलीसाठी तुणीचे लाकूड घेत, कारण ते हलके असून नाद चांगला धरते. दांडी आतून पोकळ करायची, भोपळ्याशी सांधायची, खुंट्या बसवायच्या, मग नक्षी आणि शेवटी चपड्याची झिलई. पंचम, दोन जोड आणि खर्ज अशा चार तारा चढल्या, तरी जवारी जमेपर्यंत तंबोरा पुरा झाला असे कारागीर मानत नाही. पुरुषी आवाजासाठी मोठा आणि बायकी आवाजासाठी लहान तंबोरा असा भेदही करावा लागतो. एवढ्या कामाला एकट्याचे हात पुरत नाहीत. म्हणून हा व्यवसाय घराघरांत वाटला गेला, आणि आडनावही शिकलगारऐवजी सतारमेकर झाले.

फरीदसाहेबांनी लावलेल्या रोपाला पुढच्या काळाने पाणी घातले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत, तेव्हा विष्णु दिगंबर पलुस्कर तेथेच शिकले आणि १८९६ मध्ये बाहेर पडले. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संगीत दरबारातून विद्यालयात आणि मध्यमवर्गाच्या घरात गेले, तसे वाद्याचे गिऱ्हाईकही राजवाड्यापुरते राहिले नाही. त्याआधी १८८० च्या दशकात रेल्वे आली होती, त्यामुळे नाजूक वाद्य दूरवर पाठवणे सोपे झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत निपुण होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांना मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गायन-वादन होते. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेतच जन्मल्या. आपल्या केरीच्या केसरबाई बालपणी काही काळ खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. गाण्याचे असे केंद्र शेजारी असल्याने सतारमेकरांचे काम रोज कसाला लागत राहिले.

फरीदसाहेब स्वतः गवई नव्हते. त्यांचे नाव मैफलीच्या पत्रिकेवर कधी छापले गेले नाही. तरी त्यांच्या वंशजांनी घडवलेले तंबोरे देशभरच्या आणि परदेशांतील गायकांच्या पाठीशी उभे राहिले. सात पिढ्यांपर्यंत हा वारसा पोहोचला, असे त्या गल्लीत सांगतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या कुठल्या गावाच्या मालावर मिरजेचे नाव लावण्यास आता कायद्याने आडकाठी आहे.

मानांकनाने नाव वाचते, हात वाचत नाहीत. इलेक्ट्रॉनिक तंबोरा खिशात मावतो, त्याला भोपळा लागत नाही आणि तो चुकूनही बेसूर होत नाही. रियाजाला तो पुरतो. पण जवारीतून उठणारे सुरांचे वलय ऐकण्यासाठी कान घडवायचा, तर खरा तंबोरा मांडीवर घ्यावा लागतो. गोव्यातही शेकडो मुले गाणे शिकतात. त्यांच्या घरांतून अशा तंबोऱ्याची मागणी टिकली, तरच सतारमेकर गल्लीतील एखादा तरुण कानस हातात घेऊन बसेल. तलवारींची मागणी संपली तेव्हा फरीदसाहेबांना दुसरे काम सापडले होते. तंबोऱ्याची मागणी संपली, तर त्याच हातांना तिसरे काम सापडेलच असे नाही.