आरशाने शिकवलेला धडा

गाताना उंच स्वर आला की आपल्यापैकी अनेकांची हनुवटी वर जाते, खांदे चढतात, मानेच्या शिरा ताठ होतात. जोर लावला की आवाज निघेल, असे आपल्याला वाटते. हा समज किती खोटा आहे, हे फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर यांना फार सोसून कळले.

त्यांचा जन्म २० जानेवारी १८६९ रोजी टास्मानिया बेटावर एका लोहाराच्या घरी झाला. अपुऱ्या दिवसांचे हे मूल लहानपणी श्वासाच्या विकाराने सतत आजारी असे. तरुणपणी त्यांनी कथिलाच्या खाणीच्या कंपनीत नोकरी केली, पैसे साठवले आणि मेलबर्न गाठले. शेक्सपिअरच्या नाटकांतील उतारे रंगमंचावर म्हणून दाखवणे हेच त्यांचे स्वप्न होते.

नाव होऊ लागले आणि आवाज बसू लागला. डॉक्टरांच्या सल्ल्याने एका कार्यक्रमापूर्वी त्यांनी दोन आठवडे घशाला विश्रांती दिली. सुरुवातीला आवाज स्वच्छ होता. पण कार्यक्रम संपेपर्यंत बोलणेही कठीण झाले. तेव्हा त्यांच्या मनात प्रश्न आला : बोलताना मीच काही चुकीचे करत असेन का?

उत्तर शोधण्यासाठी ते आरशासमोर उभे राहिले. म्हणायला लागताच आपण डोके मागे खेचतो, स्वरयंत्र खाली दाबतो आणि तोंडाने धापा टाकत श्वास घेतो, हे त्यांना दिसले. छाती फुगत होती, पाठ आखडत होती, पायाची बोटे जमीन पकडत होती. एका घशाचा हा दोष नव्हता. सारे शरीरच ताणलेले होते.

सुधारणा सोपी नव्हती. डोके पुढे घेतले आहे असे त्यांना वाटे, पण आरसा ते मागेच गेलेले दाखवी. सवयीच्या चुकीलाच शरीर बरोबर समजत होते. अखेर त्यांनी वेगळी वाट धरली. बोलायचे ठरले की लगेच बोलायचे नाही. क्षणभर थांबायचे, मान मोकळी सोडायची, पाठ लांब-रुंद होऊ द्यायची आणि मगच तोंड उघडायचे. अशा दीर्घ सरावाने त्यांचा आवाज परत आला आणि श्वासही सुधारला.

१९०४ मध्ये ते लंडनला गेले. नट, गायक, लेखक त्यांच्याकडे शिकू लागले. बर्नार्ड शॉ आणि अल्डस हक्स्ली हे त्यांचे विद्यार्थी. १९३१ मध्ये त्यांनी शिक्षक घडवण्याचा वर्ग सुरू केला. १९४७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्यातूनही सावरून ते शिकवत राहिले. १० ऑक्टोबर १९५५ रोजी, ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकसारख्या संस्थांत ही पद्धत संगीताच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते.

हे काही सर्व आजारांवरचे औषध नव्हे. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. पण आपल्या गायनवृंदातील मंडळींनी पुढच्या सरावाला एवढे जरूर करून पाहावे : पेटीचा सूर मिळाला की क्षणभर थांबावे. मान ताठ आहे का? गुडघे आवळलेले आहेत का? ते सैल सोडावे आणि मग गावे. अलेक्झांडर यांना हा एक क्षण सापडायला अनेक वर्षे लागली. आपल्याला तो आयता मिळाला आहे.