एक्स्प्लेनर : खाणींच्या गावाला चांदीचे दागिने घडवायला शिकवणारे विल्यम स्प्रॅटलिंग कोण होते?

मेक्सिकोतील तास्को हे डोंगरउतारावरचं शहर आज चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखलं जातं. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथे हाताने घडवलेल्या ठसठशीत कड्यांना आणि ब्रोचना संग्राहकांकडून आजही मागणी आहे. तास्कोत चांदीच्या खाणी सोळाव्या शतकापासून आहेत. पण दागिन्यांचा हा उद्योग 1931 नंतरचा. तो उभा राहिला तो सोनारकाम न शिकलेल्या एका अमेरिकी प्राध्यापकामुळे.

प्राध्यापक मेक्सिकोत कसे पोहोचले?

स्प्रॅटलिंग यांचा जन्म 1900 चा, न्यूयॉर्क राज्यातला. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात ते वास्तुकला शिकवत. पुढे नोबेल मिळवणारे लेखक विल्यम फॉकनर तिथे त्यांच्यासोबत एकाच घरात राहत. 1929 मध्ये स्प्रॅटलिंग मेक्सिकोत स्थायिक झाले. चित्रकार दिएगो रिवेरा यांना एका भित्तिचित्राचं काम मिळवून देण्यात त्यांनी मदत केली आणि त्या मोबदल्यातून तास्कोत घर घेतलं.

कार्यशाळेची कल्पना कुठून आली?

तास्कोची चांदी शतकानुशतकं बाहेर जात होती, गावाच्या हाती मात्र फारसं काही राहत नव्हतं. अमेरिकेचे राजदूत ड्वाइट मॉरो यांनी ही गोष्ट स्प्रॅटलिंग यांच्या लक्षात आणून दिली, असं सांगितलं जातं. 1931 मध्ये त्यांनी कार्यशाळा सुरू केली. जवळच्या इग्वाला गावातून सोनार बोलावले, स्थानिक मुलांना उमेदवारीवर घेतलं. आराखडा स्प्रॅटलिंग काढत, घडवत कारागीर.

या दागिन्यांत वेगळं काय होतं?

युरोपची नक्कल टाळून त्यांनी स्पॅनिश राजवटीपूर्वीच्या मेक्सिकन कलेतले आकार घेतले. नाजूक नक्षीऐवजी साधे, भरीव पृष्ठभाग ठेवले. चांदीला जोड दिली ती अ‍ॅमेथिस्ट आणि रोझवूडसारख्या लाकडाची. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून तिच्यात थोडं तांबं मिसळतात. 925 या शिक्क्याचा अर्थ 92.5 टक्के चांदी. स्प्रॅटलिंग यांच्या काही वस्तूंवर 980 हा आकडाही दिसतो.

मग कंपनी हातातून का गेली?

दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारा माल थांबला आणि अमेरिकी दुकानांच्या ऑर्डरी तास्कोकडे वळल्या. कारागिरांची संख्या काहीशेवर गेली. विस्तारासाठी भांडवल हवं होतं, म्हणून समभाग विकले गेले आणि नियंत्रण बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे गेलं. 1945 मध्ये स्प्रॅटलिंग यांना स्वतःचीच कंपनी सोडावी लागली. युद्ध संपलं, मागणी घटली आणि कंपनी बुडाली.

तरीही तास्को का टिकलं?

कारण कौशल्य एका कंपनीत अडकलेलं नव्हतं. कास्तियो बंधू, एक्तोर आगिलार, अंतोनियो पिनेदा हे त्यांच्याच कार्यशाळेत तयार झालेले लोक आधीच स्वतंत्र झाले होते. व्यवसायात ते स्पर्धक होते. पण गावाचा धंदा त्यांनीच चालू ठेवला. स्प्रॅटलिंग यांनीही शहराबाहेरच्या आपल्या शेतावर नव्याने काम सुरू केलं. अलास्कातल्या स्थानिक कारागिरांसाठी अशीच योजना त्यांनी आखली, पण ती उभी राहिली नाही.

7 ऑगस्ट 1967 रोजी तास्कोजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. शहरात त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे आणि आसपासच्या गल्ल्यांत चांदीची दुकानं. तास्कोत आता चांदीची खाण चालत नाही. तिथले कारागीर बाहेरून आलेल्या चांदीवर काम करतात.