विश्लेषण : एस्प्रेसोला एक बी, पोअर-ओव्हरला दुसरे का? उत्तर आहे मेलिटा बेंट्झ यांच्या टीपकागदात

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखाने आणि औषधांच्या दुकानांच्या गर्दीत आता कॅफेही रुळले आहेत. अशा कॅफेंच्या मेन्यूत एस्प्रेसो, कॅपुचिनोच्या जोडीला पोअर-ओव्हर हा प्रकार दिसू लागला आहे. काउंटरवर भाजलेल्या बियांची पाकिटेही मांडलेली असतात. कॅफेतला एस्प्रेसो आवडला म्हणून त्याच बियांचे पाकीट घरी नेले आणि कागदी फिल्टरमधून कॉफी केली, तर ती अनेकदा कडवट आणि जळकी लागते. उलट पोअर-ओव्हरसाठीच्या हलक्या भाजणीच्या बिया एस्प्रेसो यंत्रात घातल्या, तर कप तोंड आंबवणारा निघतो. दोन्ही वेळा दोष बियांचा नसून निवडीचा असतो. या दोन पद्धतींतला फरक समजून घ्यायचा तर एका जर्मन गृहिणीच्या आयुष्याकडे वळावे लागते. कागदातून कॉफी गाळण्याची पद्धत जगभर पोहोचवणाऱ्या या महिलेचे नाव मेलिटा बेंट्झ.

मेलिटा बेंट्झ कोण होत्या?

मेलिटा यांचा जन्म ३१ जानेवारी १८७३ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात झाला. माहेरचे आडनाव लिबशेर. वडील पुस्तकांच्या व्यवसायात होते. ह्यूगो बेंट्झ यांच्याशी विवाह झाल्यावर त्या चारचौघींसारखा संसार करू लागल्या. विली आणि हॉर्स्ट ही दोन मुले, आणि १९११ मध्ये झालेली मुलगी हेर्टा. त्यांच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती, कारखानदारीचा अनुभव नव्हता आणि भांडवलही नव्हते. होती ती फक्त रोजच्या कॉफीविषयीची तक्रार.

तक्रार नेमकी काय होती?

त्या काळी युरोपातील घरांत कॉफी करण्याचे मार्ग मोजकेच होते. भरड पूड पाण्यात उकळायची आणि गाळ तळाशी बसण्याची वाट पाहायची, हा एक. त्यात शेवटचे घोट चिखलासारखे येत. पर्कोलेटर नावाच्या भांड्यात उकळते पाणी पुडीवरून पुन्हा पुन्हा फिरत राही. त्यामुळे नको ते कडू घटकही कॉफीत उतरत. कापडी गाळणीला कॉफीचे तेल चिकटून राही आणि दर वेळी ती धुवून वाळवावी लागे. नीट धुतली गेली नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला शिळा वास येई.

कल्पना कशी सुचली?

मेलिटा यांनी स्वयंपाकघरातच प्रयोग सुरू केले. एका पितळी भांड्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली. मुलगा विली याच्या शाळेच्या वहीतला टीपकागद काढला, तो गोल कापून भांड्याच्या तळाशी बसवला, वर कॉफीची पूड घातली आणि गरम पाणी ओतले. खाली उतरलेल्या कॉफीत गाळ नव्हता आणि कडवटपणाही कमी होता. काम झाले की कागद चोथ्यासकट उचलून टाकून द्यायचा, धुण्याचा प्रश्नच नाही.

युक्ती साधी होती, पण तिच्यात दोन गोष्टी साधल्या. पाणी पुडीतून एकदाच जाते, त्यामुळे कडू घटक ओरबाडून निघत नाहीत. शिवाय कागद बारीक कण आणि बरेचसे तेल अडवतो.

मेलिटा यांनी ही कल्पना शेजारणींपुरती ठेवली नाही. २० जून १९०८ रोजी बर्लिनच्या पेटंट कार्यालयात त्यांच्या नावाने या कागदी फिल्टरची नोंद झाली. त्याच वर्षी १५ डिसेंबरला त्यांनी कंपनी नोंदवली, तीही स्वतःच्या नावाने. भांडवल होते अवघे ७३ फेनिग, म्हणजे एक मार्कही नाही. जर्मन महिलांना तेव्हा मतदानाचा हक्कही नव्हता. तो त्यांना १९१८ मध्ये मिळाला.

घरातून कारखान्यापर्यंत

सुरुवातीला कारखाना म्हणजे राहत्या घरातली एक खोली होती. ह्यूगो यांनी नोकरी सोडून पत्नीच्या व्यवसायात उडी घेतली. ते दुकानांत फिल्टरची प्रात्यक्षिके करून दाखवत आणि मुले हातगाडीवरून माल पोहोचवत. १९०९ च्या लाइपझिग व्यापार मेळ्यात १,२०० च्या आसपास फिल्टर विकले गेले आणि घरगुती उद्योगाला बाजार मिळाला.

मग पहिले महायुद्ध आले. ह्यूगो यांना सैन्यात भरती व्हावे लागले. धातू युद्धासाठी वळवला गेला, कागदावर नियंत्रण आले आणि ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे कॉफीच्या बियांची आयात थांबली. ज्या धंद्याला धातू, कागद आणि कॉफी तिन्ही लागत, त्याला तिन्ही मिळेनासे झाले. त्या काळात मेलिटा यांनी पुठ्ठ्याची खोकी विकून घर चालवले.

युद्ध संपल्यावर मागणी पुन्हा वाढली. नक्कल करणारेही आले. त्यांच्यापासून वेगळे दिसावे म्हणून १९२५ मध्ये लाल-हिरवे वेष्टन ठरले. ड्रेस्डेनची जागा अपुरी पडू लागल्याने १९२९ मध्ये कंपनी मिंडेन शहरात हलली. पुढे १९३० च्या दशकात फिल्टरला शंकूसारखा निमुळता आकार मिळाला. आज पोअर-ओव्हरच्या बहुतेक उपकरणांत दिसतो तो याच आकाराचा वारसा.

व्यवसायाची सूत्रे मुलांकडे गेल्यावरही मेलिटा कामगारांच्या प्रश्नांत लक्ष घालत राहिल्या. नाताळचा बोनस, पाच दिवसांचा आठवडा आणि वर्षाला ६ ऐवजी १५ दिवसांची रजा या सवलती त्यांच्या कंपनीत मिळत.

नाझी काळाचे काय?

या कहाणीतला हा काळा भाग आहे. मुलांच्या हाती कारभार असताना नाझी राजवटीने या कंपनीला आदर्श उद्योग म्हणून गौरवले. दुसऱ्या महायुद्धात फिल्टरचे उत्पादन थांबून युद्धासाठी लागणाऱ्या वस्तू बनू लागल्या आणि सक्तीने आणलेल्या मजुरांकडूनही काम करून घेतले गेले. कामगारांच्या रजा वाढवणाऱ्या घराच्या कारखान्यातच हे घडले, म्हणून ते विसरता येत नाही. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या फौजांनी कारखान्याची जागा ताब्यात घेतली. १९४८ च्या सुमारास कागदी फिल्टरचे काम पुन्हा मार्गी लागले. २९ जून १९५० रोजी मिंडेनजवळ मेलिटा यांचे निधन झाले. कंपनी आजही बेंट्झ कुटुंबाकडेच आहे.

एस्प्रेसोची वाट वेगळी कशी?

मेलिटा ड्रेस्डेनमध्ये पाणी सावकाश खाली उतरवत होत्या, त्याच सुमारास इटलीत उलटा विचार चालू होता. तिथे कॉफी लवकर हवी होती. तुरिनच्या अँजेलो मोरिओन्दो यांनी १८८४ मध्ये, तर मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये वाफेच्या यंत्राचे पेटंट घेतले. मिलानचेच अकिले गाज्जा यांनी पुढे दांड्याच्या जोरावर पाण्याला जास्त दाब दिला आणि एस्प्रेसोवर सोनेरी फेस येऊ लागला. त्यालाच क्रेमा म्हणतात.

आजच्या यंत्रांत सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी पुडीतून ढकलले जाते. साधारण १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी निघते. पोअर-ओव्हरमध्ये १५ ग्रॅम पुडीवर सुमारे २४० मिलिलिटर पाणी तीन ते चार मिनिटे हळूहळू ओतले जाते. तिथे फक्त गुरुत्वाकर्षणाचा जोर असतो.

मग बियांची निवड का बदलते?

पहिले कारण वेळेचे. हलक्या भाजणीचे बी टणक असते आणि त्यातील चव पाण्यात उतरायला वेळ लागतो. जास्त भाजलेले बी सच्छिद्र आणि ठिसूळ होते, ते चटकन विरघळते. एस्प्रेसोच्या अर्ध्या मिनिटात हलके बी पुरते उतरत नाही आणि आधी सुटणारा आंबटपणाच कपात येतो. गडद बी तीन-चार मिनिटे पाण्यात राहिले, तर कडवटपणा वाढतो.

दुसरे कारण कागदाचे. तेल आणि बारीक कण अडल्यामुळे पोअर-ओव्हरचा कप नितळ होतो. त्यात फळाचा, फुलाचा सुगंध वेगळा ओळखू येतो. नागपुरी संत्र्यासारखा ताजा आंबटपणा इथे सुखावतो. एस्प्रेसोत मात्र सगळे काही दाट होते. तोच आंबटपणा अनेक पटींनी जाणवतो, म्हणून तिथे चॉकलेट, सुकामेवा, गूळ यांच्या अंगाने जाणारी चव बरी वाटते.

तिसरे कारण दुधाचे. आपल्याकडे एस्प्रेसो बहुधा कॅपुचिनो किंवा लाटे म्हणून दुधातूनच प्यायला जातो. दुधातही टिकेल असा दाटपणा बियांत लागतो.

पाकीट घेताना काय पाहावे?

पोअर-ओव्हरसाठी :
• हलकी किंवा मध्यम भाजणी.
• शक्यतो एकाच मळ्यातील अरेबिका. चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, कोडगू, अराकू हे भारतातील नावाजलेले प्रदेश.
• दळण जाड रव्यासारखे.

एस्प्रेसोसाठी :
• मध्यम ते गडद भाजणी.
• अरेबिकात थोडी रोबस्टा असलेले मिश्रण चालते. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट असते आणि क्रेमाही जाड येतो. पावसाळी वाऱ्यावर मुरवलेली मॉन्सून्ड मलबार ही कमी आंबट कॉफीही एस्प्रेसोच्या मिश्रणांत वापरली जाते.
• दळण खूप बारीक, पिठीसाखरेपेक्षा किंचित जाड.

दोन्हींसाठी पाकिटावर भाजल्याची तारीख असलीच पाहिजे. ताज्या भाजलेल्या बियांतून वायू बाहेर पडत असतो. पोअर-ओव्हरसाठी साधारण आठवडाभर आणि एस्प्रेसोसाठी एक ते दोन आठवडे थांबल्यास चव स्थिरावते. चिकोरी मिसळलेली पूड दक्षिणी फिल्टर कॉफीत छान लागते, पण या दोन पद्धतींसाठी ती नको. म्हणून घटकांची यादी वाचावी. दोन पाकिटे घेणे परवडत नसेल तर मध्यम भाजणीचे एकच पाकीट घ्यावे आणि दळण बदलून दोन्हीकडे वापरावे.

विदर्भात काय लक्षात ठेवावे?

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी बिया ओट्यावर किंवा खिडकीत ठेवू नयेत. हवाबंद डब्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवाव्यात आणि एका वेळी थोड्याच आणाव्यात. बोअरच्या जड पाण्याने चव मंदावते आणि यंत्रात क्षार साचतात, तेव्हा गाळलेले पाणी बरे. विदर्भाचे कॉफीशी नाते फक्त कॅफेपुरते नाही. अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या थंड डोंगरावर कॉफीची लागवड आहे.

कॅफेतून पाकीट उचलण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : हे बी दाबाने काढायचे की कागदातून गाळायचे? एस्प्रेसोच्या सूचनेवर पोअर-ओव्हर करायला गेले, तर पैसे पुरे जातात आणि हाती येते तीच कडवट कॉफी, जिच्यापासून सुटका व्हावी म्हणून मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद काढला होता.