स्टॉपवॉचवाला टेलर

गेल्या सेमिस्टरला सीएनसीच्या प्रॅक्टिकलमध्ये माझ्या हातून सहा मिलिमीटरचा एन्ड मिल तुटला. प्रोग्रॅम अगदी साधा होता. एम०३ एस३००० लिहून स्पिंडल चालू केला आणि लगेच पुढच्या ओळीत जी०१ देऊन ॲल्युमिनियमच्या जॉबमध्ये शिरलो. कटर आधीच जॉबला खेटून उभा होता. आमच्या लॅबमधलं मशीन छोटं. ३००० फेऱ्यांवर पोचायला त्याच्या स्पिंडलला तीनेक सेकंद लागतात. मोठ्या मशीनवर वेग आल्याचा सिग्नल मिळेपर्यंत कंट्रोलर थांबू शकतो, आमच्याकडे ती सोय नाही. मिनिटाला ३०० मिलिमीटर फीड आणि दोन दातांचा कटर म्हणजे पूर्ण वेगात प्रत्येक दाताच्या वाट्याला ०.०५ मिलिमीटर धातू येतो. स्पिंडल ३०० फेऱ्यांवर असेल तर तोच ०.५ मिलिमीटर, म्हणजे दसपट. कटर तुटणार नाही तर काय होणार!

सरांनी एम०३ नंतर जी०४ टाकून चार सेकंदांचा डिले द्यायला सांगितलं. मी जी०४ पी४ लिहिलं. आमच्या कंट्रोलरवर पी म्हणजे मिलिसेकंद! दुसरा कटरही गेला. लॅबमधले मामा काही बोलले नाहीत, फक्त तुटलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. शेवटी पी४००० लिहिलं तेव्हा जॉब झाला.

पण डोक्यात किडा शिरला. शंभर जॉब केले तर चारशे सेकंद नुसतं थांबायचं. आणि दुसऱ्या विषयात आम्हाला शिकवतात की वाया जाणारा प्रत्येक सेकंद शोधा आणि काढून टाका. हा विचार ज्याच्यापासून सुरू होतो तो फ्रेडरिक विन्स्लो टेलर. मित्रांनो, खरं सांगतो, टूल लाइफचं व्ही टी रेज टू एन इज इक्वल टू सी देणारा टेलर आणि सायंटिफिक मॅनेजमेंटचा जनक टेलर हा एकच माणूस आहे, हे मला ओरलच्या आदल्या रात्री कळलं. मग परीक्षा झाल्यावर त्याच्याविषयी वाचायला बसलो.

टेलरचा जन्म २० मार्च १८५६ चा, अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या जर्मनटाउनचा. घर श्रीमंत, वडील वकील. मुलगाही वकील व्हायचा होता. १८७४ मध्ये हार्वर्डची प्रवेशपरीक्षा त्याने उत्तम प्रकारे पास केली, पण डोळ्यांच्या त्रासामुळे तो तिथे गेलाच नाही. त्याऐवजी पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पॅटर्नमेकर आणि मशिनिस्टचं काम शिकायला उमेदवार म्हणून लागला. १८७८ मध्ये मिडव्हेल स्टील कंपनीत साधा मजूर म्हणून शिरला आणि सहा वर्षांत चीफ इंजिनिअर झाला. मधल्या काळात घरी अभ्यास करून १८८३ मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची मेकॅनिकलची डिग्रीही मिळवली. शिवाय १८८१ मध्ये क्लॅरन्स क्लार्कबरोबर अमेरिकेची पहिली राष्ट्रीय टेनिस दुहेरी स्पर्धा जिंकली. आपल्याला सबमिशन सांभाळताना जेवायला वेळ मिळत नाही!

मिडव्हेलमध्ये गँग बॉस झाल्यावर त्याची कामगारांशी जुंपली. लेथवर जेवढं काम होऊ शकतं त्यापेक्षा खूप कमी होतं, हे त्याला स्वतः लेथवर उभं राहिल्यामुळे ठाऊक होतं. हे भांडण दोन-तीन वर्षं चाललं. शेवटी जास्त काम निघालं, पण मनस्ताप फार झाला. मग त्याने ठरवलं की एका दिवसाचं रास्त काम किती, हे अंदाजाने नको, मोजून ठरवू. हातात स्टॉपवॉच आलं ते इथे.

धातू कापण्याचे प्रयोग त्याने १८८० मध्ये सुरू केले. रेल्वेइंजिनाच्या चाकांच्या पोलादी धावा एका मोठ्या बोअरिंग मिलवर चढवून तो कापत बसे. सहा महिन्यांत उरकेल असं वाटलेलं काम २६ वर्षं चाललं! तीस ते पन्नास हजार प्रयोग आणि आठ लाख पौंडांहून जास्त, म्हणजे साडेतीन लाख किलोच्या वर लोखंड-पोलादाचा चुरा. बारा गोष्टींचा वेगावर परिणाम होतो, असं निघालं. टूलच्या टोकावर पाण्याची जोरदार धार सोडली तर वेग चाळीस टक्के वाढवता येतो, हे त्याला सुरुवातीलाच सापडलं होतं. आज आपण कूलंट चालू करतो तेव्हा हे आठवायला हवं. पुढे बेथलेहेम स्टीलमध्ये माँसेल व्हाइटबरोबर त्याने हायस्पीड स्टीलची प्रक्रिया शोधली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टूलचं टोक लालबुंद होऊनही कापत राहिलेलं लोकांनी पाहिलं. १९०६ मध्ये त्याने हे सगळं काम अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे मांडलं, तेव्हा तो तिचा अध्यक्ष होता.

सेकंदांच्या मागे लागलेल्या माणसाने एका उत्तरासाठी २६ वर्षं दिली, हे वाचून मी थबकलो. पण खरी गंमत पुढे आहे.

बेथलेहेममध्ये मजूर बिडाचे ९२ पौंडांचे, म्हणजे जवळजवळ ४२ किलोचे ठोकळे उचलून वॅगनमध्ये भरत. सरासरी माणशी साडेबारा टन व्हायचे. टेलरच्या सांगण्याप्रमाणे निवडक माणसाने ते ४७ टनांवर नेलं, मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. हे कसं जमलं? तर टेलरने त्याला विश्रांती घ्यायला लावली! इतकं ओझं उचलणारा माणूस दिवसाच्या ४३ टक्केच वेळ ओझ्याखाली असावा, उरलेले ५७ टक्के हात मोकळे, असा त्याचा हिशोब होता. म्हणजे स्टॉपवॉचवाल्या टेलरनेच प्रोग्रॅममध्ये जी०४ टाकलं होतं. ही गोष्ट त्याने रंगवून सांगितली, असं नंतरच्या संशोधकांनी दाखवलं आहे. पण थांबणंही कामाचा भाग आहे, हे त्याला कळलं होतं.

मग चुकलं कुठे? कधी उचलायचं आणि कधी बसायचं, हे मजुराने ठरवायचं नव्हतं. ते घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस सांगणार. १९०१ मध्ये बेथलेहेमने टेलरला काढून टाकलं. १९११ मध्ये त्याचं सायंटिफिक मॅनेजमेंटवरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात ओतकाम करणारे कामगार स्टॉपवॉचविरुद्ध काम सोडून बाहेर पडले. संसदेची समिती बसली, १९१२ मध्ये टेलरची साक्ष झाली. १९१५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉच लावायला पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं. त्याच वर्षी २१ मार्चला, एकोणसाठावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, टेलर न्यूमोनियाने गेला.

माझे वडील एका कारखान्यात शिफ्टमध्ये मशीनवर उभे असतात. टाइम स्टडी कसा होतो, हे मी त्यांना सुट्टीत विचारलं. घड्याळवाला मागे उभा राहिला की हात आपोआप वेगळा चालतो, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं की इंजिनिअर झाल्यावर तू कुठे उभा राहणार. मला उत्तर देता आलं नाही.

स्पिंडलला तीन सेकंद लागतात, हे मी त्याच्याकडे बघून मोजलं आणि चार दिले. त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता, दोन कटर मोडून मी ते शिकलो. माणसाला किती लागतात हे मात्र त्यालाच विचारावं लागेल. टेलरने आयुष्यभर मोजलं, पण हे विचारायचं राहिलं.