मांगेरा टेंकडीवरील गवंडी-गायक

आंब्याचें झाड आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. पोर्तुगीज दर्यावर्दी लोकांनीं आपल्या देशांतील हें फळ दूर दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशांत नेलें, आणि तेथें तें उत्तम रुजलें. पोर्तुगीज भाषेंत आंब्याच्या झाडास ‘मांगेरा’ म्हणतात, व रिओ द जानेरो शहरांतील एका टेंकडीस हेंच नांव पडलें आहे. ह्या टेंकडीवरील झोपड्यांतून एक असा गायक पुढें आला, कीं ज्याचीं गाणीं आज साऱ्या ब्राझीलच्या तोंडीं आहेत. लोक त्यास ‘कार्तोला’ म्हणून ओळखतात. त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं मनन करण्याजोगें आहे. कारण त्याच्या आवाजाची पहिली मोठी तबकडी निघाली तेव्हां त्याचें वय पासष्ट वर्षांचें होतें.

त्याचा जन्म ११ ऑक्टोबर १९०८ रोजीं रिओ शहरांत झाला. त्यापूर्वीं अवघीं वीस वर्षें, म्हणजे १८८८ सालीं, ब्राझीलांतील गुलामगिरी कायद्यानें बंद झाली होती. मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनीं आपले ढोल व आपलीं नृत्यें जतन केलीं, आणि त्यांतूनच रिओच्या गरीब वस्त्यांत ‘सांबा’ हा गीतप्रकार उदयास आला. प्रतिष्ठित लोक आरंभीं त्यास नाकें मुरडीत, व पोलीसही सांबा गाणाऱ्यांस त्रास देत. कार्तोलाचे वडील घरीं वाद्य वाजवीत. त्यांच्यापासूनच तो लहानपणीं चार तारांचें छोटें तंतुवाद्य शिकला. पुढें आजोबा वारले, घरची स्थिति खालावली, आणि तो अकरा वर्षांचा असतां कुटुंब मांगेरा टेंकडीवर राहावयास गेलें. प्राथमिक वर्गांपुढें त्याचें शिक्षण झालें नाहीं. आई वारली, वडिलांशीं पटेना, आणि ऐन पोरवयांत त्यास घराबाहेर पडावें लागलें.

पोटासाठीं त्यानें प्रथम छापखान्यांत व मग गवंड्याच्या हाताखालीं काम केलें. सिमेंट केसांत पडूं नये म्हणून तो कामावर एक वाटोळी हॅट घालून जाई. तिच्यावरून सोबत्यांनीं थट्टेनें त्यास ‘कार्तोला’, म्हणजे उंच हॅट, म्हणावयास आरंभ केला, आणि थट्टेचें तें नांव जन्मभर टिकलें.

१९२८ सालीं त्यानें व त्याच्या मित्रांनीं टेंकडीवर एक ‘सांबा-शाळा’ स्थापन केली. ह्या शाळेंत बाकें व पुस्तकें नसतात. वस्तींतील लहानथोर एकत्र जमून गाणीं व नाच बसवितात, आणि उपासकाळापूर्वींच्या कार्निव्हल सणांत मिरवणुकीनें बाहेर पडतात, अशी ही मंडळी होय. शहरांतील मुख्य स्थानकावरून आगगाडी निघाली, कीं सांबा गाणाऱ्यांचें पहिलें स्थानक हेंच लागे. म्हणून शाळेचें नांव ‘मांगेरा पहिलें स्थानक’ असें ठेवलें. हिरवा व गुलाबी हे तिचे रंग कार्तोलानें निवडले. लहानपणीं ज्या मंडळींत तो नाचला होता, तिच्या निशाणाचे ते रंग होते. १९३२ सालीं सांबा-शाळांची पहिली स्पर्धा झाली, तींत मांगेरानेंच जय मिळविला.

आतां शहरांतील नामांकित गायक टेंकडीवर येऊन त्याचीं गाणीं विकत घेऊं लागले. गाण्यासही गिऱ्हाईक असतें, ह्याचें त्यास प्रथम नवलच वाटलें. पैसा थोडा मिळे, आणि तबकडीवर आवाज दुसऱ्याचा असे. १९४० सालीं प्रसिद्ध वाद्यवृंद-नायक स्टोकोव्स्की रिओ बंदरांत आले, तेव्हां ब्राझीलचे थोर संगीतकार व्हिला-लोबोस ह्यांनीं कार्तोलास त्यांच्या जहाजावर नेलें, व तेथें त्याचें गाणें मुद्रित झालें. परंतु जहाज निघून गेलें, आणि गवंड्याचें दारिद्र्य जेथल्या तेथें राहिलें.

पुढचीं वर्षें अत्यंत कष्टाचीं गेलीं. त्यास मेंदूच्या आवरणाचा कठीण रोग झाला, त्याची सहचारिणी दिओलिंदा वारली, टेंकडी सुटली. तो मरण पावला असावा, असें अनेकांस वाटलें. ह्या काळांत झिका नांवाच्या बाईनें त्यास धीर दिला व मांगेरास परत आणलें. १९५६ च्या सुमारास सेर्जिओ पोर्तो नांवाच्या पत्रकारास इपानेमा भागांत एक कृश मनुष्य भेटला. तो तेथें मोटारी धुवीत असे, व त्याच्या अंगावर भिजलेले कामाचे कपडे होते. हाच कार्तोला, हें कळतांच पोर्तोनें वर्तमानपत्रांतून व नभोवाणीवरून त्याचें नांव पुन्हां लोकांपुढें आणलें. त्यानंतरही सरकारी कचेरींत कॉफी देण्याची नोकरी करूनच त्यास पोट भरावें लागलें.

१९६३ सालीं कार्तोला व झिका ह्यांनीं ‘झिकार्तोला’ नांवाचें भोजनगृह काढलें. स्वयंपाक झिकाचा, गाणें कार्तोलाचें. टेंकडीवरचे वृद्ध गायक व शहरांतील सुशिक्षित तरुण तेथें एकत्र बसत. पावलिन्यो द व्हियोला ह्या पुढें कीर्तिमान झालेल्या गायकास पहिली बिदागी तेथेंच मिळाली. परंतु हिशेब ठेवणें दोघांसही साधलें नाहीं, आणि १९६५ सालीं तें बंद पडलें. १९६४ मध्यें दोघांनीं विधिपूर्वक विवाह केला. त्यासाठीं कागदपत्रें काढलीं, तेव्हां आपलें नांव ‘आजेनोर’ नसून कारकुनाच्या चुकीनें ‘आंजेनोर’ असें नोंदलेलें आहे, हें त्यास पंचावन्नाव्या वर्षीं प्रथमच कळलें!

अखेर १९७४ सालीं त्याच्या स्वतःच्या आवाजांतील पहिली मोठी तबकडी निघाली. दुसरी १९७६ सालीं आली. तींतील सर्वांत लोकप्रिय गाण्याची हकीकत अशी सांगतात कीं, अंगणांतील गुलाबांस इतकीं फुलें कशीं आलीं, असें झिकानें विचारलें असतां, गुलाब कांहीं बोलत नाहींत, मला कसें कळावें, असें तो सहज म्हणाला. आणि त्याच शब्दांवरून त्यानें गीत रचलें. एकंदर चार तबकड्या त्याच्या हयातींत निघाल्या. ३० नोव्हेंबर १९८० रोजीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, कर्करोगानें त्याचें निधन झालें.

कार्तोलानें विटा रचल्या, मोटारी धुतल्या, कॉफीचे पेले वाहिले. त्यांपैकीं एकाही कामाची त्यास लाज वाटली नाहीं, आणि त्यांपैकीं एकाही कामानें त्याच्यांतील गाणें मारलें नाहीं. त्याची मांगेरा शाळा आजही हिरवें-गुलाबी निशाण घेऊन मिरवणुकीस निघते. जो कोय लावतो त्यास फळासाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागतें, हें आंब्याच्या देशांतील मुलांस निराळें सांगावयास नको. फळ उशिरां आलें, एवढ्यावरून झाडास वांझ म्हणूं नये.