संशोधकांचे गुरू फादर हेन्री हेरास

१४ डिसेंबर हा फादर हेन्री हेरास यांचा स्मृतिदिन. १९५५ साली याच दिवशी मुंबईत त्यांचे निधन झाले. विजयनगरचे साम्राज्य, पल्लव राजवंश आणि सिंधू संस्कृतीची लिपी या विषयांवरील लेखनामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचे नाव परिचित आहे. परंतु त्यांच्या ग्रंथांहूनही टिकाऊ ठरले ते त्यांचे दुसरे कार्य. मुंबई विद्यापीठाच्या छायेत इतिहास-संशोधनाला त्यांनी घर मिळवून दिले आणि त्या घरात संशोधकांची एक पिढी वाढवली.

फादर हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी स्पेनमधील बार्सिलोना शहरात झाला. तरुण वयातच ते येशूसंघात दाखल झाले. त्यांच्या भारतात येण्यामागे जागतिक घडामोडींचा हात होता. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली जर्मन येशूसंघीयांनी स्थापन केले होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध केले किंवा मायदेशी धाडले. त्यामुळे मुंबईच्या मिशनवर मोठे संकट ओढवले. युद्धानंतर ही जबाबदारी स्पेनमधील येशूसंघीयांकडे सोपविण्यात आली आणि १९२२ साली फादर हेरास मुंबईच्या बंदरात उतरले. तेव्हा त्यांचे वय ३४ वर्षांचे होते.

त्यांच्या नेमणुकीविषयी एक आठवण आजही सांगितली जाते. कोणता इतिहास शिकवणार, असे प्राचार्यांनी त्यांना विचारले. भारताचा, असे उत्तर त्यांनी दिले. भारताच्या इतिहासाची आपल्याला कितपत माहिती आहे, या पुढच्या प्रश्नावर, काहीच नाही, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली. मग शिकवणार कसे, असे विचारता आपण तो शिकून घेऊ, असे ते म्हणाले. या आठवणीत त्यांच्या पुढील आयुष्याचे सारे सूत्र आले आहे. ज्या देशात सेवेसाठी आलो, त्या देशाचे विद्यार्थी आधी व्हायचे आणि मगच शिक्षक व्हायचे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवले होते.

त्या काळातील परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले खरे, पण कित्येक दशके त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच होते. अध्यापन महाविद्यालयांतून होई. संशोधन करू इच्छिणाऱ्या तरुणाला साधनग्रंथ कोठे शोधावेत, शिलालेख कसा तपासावा, प्रबंधाची मांडणी कशी करावी, हे हाताला धरून दाखवणारे फारसे कोणी नव्हते. इतिहास म्हणजे पाठ्यपुस्तकातील सनावळ्या, अशीच समजूत रूढ होती.

ही उणीव ओळखून फादर हेरास यांनी १९२६ साली सेंट झेवियर्समध्ये इंडियन हिस्टॉरिकल रिसर्च इन्स्टिट्यूटची स्थापना केली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मुंबई विद्यापीठाच्या पदव्यांसाठी संशोधन करता यावे, हा तिचा प्रधान हेतू होता. ग्रंथ, नाणी, मूर्ती, ताम्रपट, छायाचित्रे असे जे जे मिळेल ते ते त्यांनी संस्थेसाठी जमवले. विद्यार्थ्यांनी मूळ साधने हाताळावीत, प्राचीन स्थळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, असा त्यांचा आग्रह असे आणि त्यासाठी ते त्यांना अभ्यास-सहलींवर नेत. त्याच वर्षी इतिहासलेखनाच्या पद्धतीवरील त्यांचे एक छोटेखानी पुस्तकही प्रसिद्ध झाले. ते त्यांनी खास भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहिले होते. साधन आधी शोधावे, मग ते पारखावे आणि त्यानंतरच निष्कर्ष काढावा, ही शिस्त त्यांना रुजवायची होती.

ही शिस्त त्यांनी स्वतःच्या लेखनातही पाळली. १९२७ साली प्रकाशित झालेला विजयनगरच्या अरविदु घराण्यावरील त्यांचा ग्रंथ हे याचे उत्तम उदाहरण होय. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरचा इतिहास संपला, असे सर्वसाधारणपणे मानले जाई. फादर हेरास यांनी त्यापुढील राजांची हकिकत मांडली. त्यासाठी त्यांनी एकीकडे शिलालेख आणि दुसरीकडे चंद्रगिरीच्या राजदरबारी राहिलेल्या येशूसंघीयांची जुनी पत्रे एकत्र आणली. युरोपच्या दफ्तरांत पडून राहिलेले कागद भारतीय इतिहासाच्या उपयोगी पडू शकतात, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना तेथे प्रत्यक्ष दिसले.

१९२९ साली त्यांनी गोव्यातील चांदर येथे उत्खनन केले. हे गाव म्हणजे प्राचीन चंद्रपूर, गोव्याच्या कदंब राजांची एकेकाळची राजधानी. तेथे शिवमंदिराचे अवशेष आणि नंदीची मूर्ती प्रकाशात आली. एका कॅथोलिक धर्मगुरूने गोव्याच्या पोर्तुगीजपूर्व भूतकाळाचा इतक्या आस्थेने शोध घ्यावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे दोनच वर्षांनी, १९३१ मध्ये, त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराइस यांचा कदंब घराण्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना गुरूंनीच लिहिली. शिष्याचे संशोधन शिष्याच्या नावाने जगापुढे यावे आणि आपण पाठीशी उभे राहावे, ही मार्गदर्शकाची खरी भूमिका त्यांनी जपली.

फादर हेरास यांच्या जीवनातील सर्वात कठीण प्रकरण मात्र सिंधू लिपीचे. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील शोधांची वार्ता १९२४ साली जगाला कळली. तेथील मुद्रांवरील लिपीने फादर हेरास यांना अक्षरशः झपाटले. या मुद्रांची भाषा आद्य-द्राविडी असावी, असे त्यांचे मत बनले. अनेक वर्षे खपून त्यांनी शेकडो लेखांचे वाचन सिद्ध केले आणि १९५३ साली आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु विद्वानांनी ते वाचन स्वीकारले नाही. ज्याने विद्यार्थ्यांना पुराव्याची कठोर पारख शिकवली, त्याच्याच सर्वात लाडक्या सिद्धांताला पुरावा अपुरा ठरला. सिंधू लिपी आजही निर्विवादपणे वाचली गेलेली नाही.

हे अपयश झाकण्याचे कारण नाही. त्यातही एक बीज जिवंत राहिले. द्राविडी भाषांत मासा आणि तारा या दोहोंना मीन असा एकच उच्चार आहे. म्हणून मुद्रांवरील माशाचे चिन्ह ताऱ्यासाठी वापरले असावे, अशी कल्पना फादर हेरास यांनी मांडली होती. फिनलंडचे विद्वान आस्को पार्पोला यांनी ती पुढे विकसित केली आणि तिचे श्रेय फादर हेरास यांना दिले. उत्तर टिकले नाही, तरी प्रश्न विचारण्याची दिशा पुढच्यांना उपयोगी पडली. संशोधनात असेच घडते. एकाने लावलेल्या झाडाची फळे दुसरा चाखतो, आणि कधी कधी झाड वठले तरी त्याच्या बुंध्याला नवी पालवी फुटते.

त्यांचे पाठबळ केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुरते नव्हते. पवित्र मरियेला भारतीय रूपात रंगवणाऱ्या आंजेलो द फोन्सेका या गोमंतकीय चित्रकारावर स्वकीयांकडून टीका होत असताना फादर हेरास त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

१९५५ साली, फादर हेरास निवर्तले त्याच वर्षी, त्यांचे शिष्य आणि गोव्याचे सुपुत्र फादर जॉन कोरैया-आफोन्सो यांचा येशूसंघीयांची पत्रे आणि भारताचा इतिहास या विषयावरील ग्रंथ प्रकाशित झाला. गुरूंनी अरविदु घराण्याच्या अभ्यासात ज्या पत्रांचा उपयोग केला होता, त्या साधनांची पद्धतशीर चिकित्सा शिष्याने केली. पुढे तेच संस्थेचे संचालक झाले. संस्थेला फादर हेरास यांचे नाव देण्यात आले आणि ती हेरास इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन हिस्टरी अँड कल्चर म्हणून ओळखली जाऊ लागली. १९६४ पासून संस्थेचे ‘इंडिका’ हे नियतकालिक निघू लागले. १९८१ साली भारत सरकारने फादर हेरास यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. परदेशातून आलेल्या या धर्मगुरूने भारताचे नागरिकत्व पत्करले होते. या देशानेही त्यांना आपले मानले.

ज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आणि मार्गदर्शकाने फादर हेरास यांच्या जीवनाचे मनन करावे. स्वतःचे प्रत्येक मत खरे ठरेलच, याची हमी कोणालाही नसते. परंतु खरे-खोटे पारखण्याची दृष्टी विद्यार्थ्यांच्या हाती देता येते, आणि उद्या तीच दृष्टी आपल्या मतांवरही रोखली जाईल, हे नम्रपणे मान्य करता येते. सत्याचा शोध ही परमेश्वराची सेवाच आहे, या श्रद्धेने जगलेल्या फादर हेन्री हेरास यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.